राल्फ फिचला काय माहीत नाही

मागच्या महिन्यात मी माझा एक फोटो टाकला होता. डोक्यावर लोकरीची चपटी टोपी, गळ्याशी पांढरी कॉलर, अंगात घट्ट जाकीट, कमरेला चामड्याची थैली. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "शिवकालीन नाटकात पोर्तुगीज झालास का रे?" जवळ आलात, पण नाही. हा माणूस इंग्रज आहे. लंडनचा व्यापारी, नाव राल्फ फिच. आणि हा बेळगावला येऊन गेलाय, 1584 मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 46 वर्षं आधी.

आज त्याच्याबद्दल बोलू. त्याच्या चरित्राबद्दल थोडं, आणि असा माणूस अंगावर चढवायचा कसा याबद्दल जास्त.

आधी जागा समजून घ्या. अमेरिकेत रेनेसाँ फेअर नावाचा प्रकार असतो. 1963 मध्ये लॉस एंजेलिसला रॉन आणि फिलिस पॅटरसन या जोडप्याने पहिला भरवला, एका रेडिओ स्टेशनसाठी पैसे गोळा करायला. आता देशभर भरतात. मोकळ्या जमिनीवर सोळाव्या शतकातलं इंग्लिश गाव उभं करायचं: लाकडी दुकानं, लोहार, काच फुंकणारे, घोड्यावरून भाले रोखून एकमेकांवर धावणारे सरदार, राजाराणीची मिरवणूक. आपली जत्रा घ्या, त्यात पथनाट्य मिसळा, आणि तिकीट लावा. मी जातो तो टेक्सासमधला, ह्यूस्टनच्या वायव्येला टॉड मिशन नावाच्या गावात. 1974 पासून चालू आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार-रविवार.

तिथे पगारी नट असतात, आणि आमच्यासारखे तिकीट काढून वेश करून येणारे असतात. यांना प्लेट्रॉन म्हणतात. माझा व्हिसा एकाच कंपनीच्या नोकरीचा, त्यामुळे पगारी नट होण्याचा प्रश्नच नाही. मी हौशी. पण हौशी माणसाला एक फायदा असतो: पात्र कोणी देत नाही, आपण निवडायचं.

आणि इथेच गाडी अडली होती. मी वेश करायचा म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी आल्या. एक अलादीन, दुसरा हात बघणारा ज्योतिषी. वेशभूषेच्या दुकानातल्या माणसाने तर मला सरळ चमकीच्या पगडीकडे नेलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मला सोळाव्या शतकातलं खरं कोणीतरी व्हायचं होतं, चमकीची पगडी नव्हे.

मग मी शोधायला बसलो. नियम एकच लावला: त्या वर्षी, त्या रस्त्यावर हा माणूस उभा असू शकतो का? वाटतं तितकं हे सोपं नाही. मेळ्यामेळ्याचं वर्ष वेगळं असतं. विस्कॉन्सिनमधला ब्रिस्टल मेळा 1574 मध्ये घडतो, राणी एलिझाबेथ ब्रिस्टल शहराला भेट देते तेव्हा. मेरीलँडचा मेळा तिच्या वडिलांच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या काळात. टेक्सास त्या मानाने मोकळंढाकळं. एका आठवड्याला चाच्यांची थीम, दुसऱ्या आठवड्याला रानटी टोळ्यांची. पंख लावलेल्या पऱ्या आणि शिंगांचे व्हायकिंग तर कायमचेच. त्यामुळे माझं वर्ष मीच ठरवू शकत होतो.

पहिलं नाव आलं ते फादर थॉमस स्टीफन्सचं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, 1579 मध्ये गोव्यात पोचलेला, आणि नंतर मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारा. मला वाटलं, झालं काम! मराठी येणारा इंग्रज, याहून चांगलं काय? पण हा परत इंग्लंडला गेलाच नाही, 1619 मध्ये गोव्यातच वारला. आणि गेला असता तरी जेझुइट पाद्री म्हणून त्या काळच्या कायद्याने त्याच्यावर देशद्रोहाचा खटला झाला असता. तो इंग्लिश गावात टर्की लेग खात फिरू शकत नाही. कटाप.

दुसरं नाव पीटर पोप. बंगालच्या उपसागराच्या बाजूचा एक भारतीय मुलगा, याला ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्याने 1614 मध्ये इंग्लंडला नेलं, आणि 1616 मध्ये लंडनच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पीटर हे नाव म्हणे राजा जेम्सने सुचवलं. याच्यावर मी बरेच दिवस विचार केला. पण तो मुलगा होता, आणि त्याचं स्वतःचं मूळ नावसुद्धा पुसलेलं आहे. तिशीला टेकलेल्या मी त्याला पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रस्त्यावर उभं करणं मनाला पटेना.

स्टीफन्सबद्दल वाचता वाचताच फिच सापडला. गोष्ट अशी. फेब्रुवारी 1583 मध्ये 'टायगर' नावाच्या जहाजातून काही इंग्रज व्यापारी लंडनहून निघतात. म्होरक्या जॉन न्यूबेरी, बरोबर राल्फ फिच, विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. राणीचं अकबराच्या नावाचं पत्र जवळ. सीरिया, बगदाद, बसरा करत होर्मुझला पोचतात, तिथे पोर्तुगीज त्यांना हेर म्हणून पकडतात आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकतात. स्टीफन्स त्यांच्यासाठी खटपट करतो, जामिनावर सुटका होते, हे लोक गोव्यात दुकानही थाटतात. पण पुन्हा आत जायची भीती. एप्रिल 1584 मध्ये चित्रकाराला गोव्यातच सोडून बाकीचे नदी ओलांडून पळतात. दोन दिवस पायी, वाटाड्या नाही, कारण विश्वास कोणावर टाकणार? आणि सुरुवातीलाच लागणारं एक मोठं गाव म्हणजे बेळगाव. फिच लिहितो की तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरतो.

मी बेळगावचा. शाळेत आम्हाला वास्को द गामा तारखेसकट पाठ होता. हा माणूस आमच्या गावातून चालत गेला, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर, आग्रा, फत्तेपूर सीक्री. तिथे 1585 मध्ये फाटाफूट होते. लीड्स अकबराच्या नोकरीत राहतो. न्यूबेरी खुष्कीच्या मार्गाने परत निघतो आणि वाटेत कुठेतरी नाहीसा होतो. फिच एकटा बंगाल, पेगू, मलाक्का करून 29 एप्रिल 1591 ला लंडनला पोचतो. आठ वर्षं! तोवर हा मेला असं धरून घरच्यांनी त्याची मालमत्ता वाटून घेतलेली असते.

बस. मला माझा दिवस मिळाला. मे 1591, फिच परत येऊन थोडेच आठवडे झालेत. माझा रंग? आठ वर्षं उन्हात फिरलोय साहेब, तुम्ही फिरून बघा. हे उत्तर मी पहिल्याच दिवशी दहा वेळा दिलं, आणि दहाही वेळा लोक हसून पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेवढंच हवं होतं.

आता पात्र बांधायचं काम. बहुतेक जण माहिती गोळा करतात, शंभर गोष्टी पाठ करतात आणि समोर आलेल्या बिचाऱ्या पाहुण्याच्या अंगावर ओततात. मी उलटं केलं. फिचला काय माहीत नाही, याची यादी केली. ती यादीच पात्र चालवते.

तो फेब्रुवारी 1583 ला निघाला. त्यानंतर इंग्लंडमध्ये काय काय झालं? 1587 मध्ये स्कॉटलंडच्या राणी मेरीचा शिरच्छेद. 1588 मध्ये स्पेनचं आरमार चालून आलं आणि उधळलं गेलं. इंग्लंडच्या त्या पिढीची सगळ्यात मोठी बातमी, आणि हा पठ्ठ्या तेव्हा पेगूच्या बाजूला बाजारभाव बघत होता! येताना वाटेत त्याने ऐकलं असणार. पण ऐकणं वेगळं आणि ते दिवस जगलेल्या माणसाला विचारणं वेगळं. त्यामुळे माझा फिच रस्त्यात राणीच्या सैनिकाला गाठतो आणि विचारतो, "तुम्ही तिथे होतात? जहाजं दिसली? किती होती?" पगारी नटांना हे प्रचंड आवडतं. त्यांना दिवसभर पाहुणे सेल्फीच मागत असतात. कोणीतरी त्यांच्या पात्राला खरा प्रश्न विचारतो तेव्हा तेही खुलतात, आणि आजूबाजूला घोळका जमतो.

कॅलेंडरची गंमत बघा. पोर्तुगालने 1582 मध्येच नवीन ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्लंडने घेतलं थेट 1752 मध्ये. दोघांत दहा दिवसांचा फरक. म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातून आलेल्या फिचच्या डोक्यात तारखा दोन. टाइमझोनचा बग ज्यांनी रात्री दोनला सोडवलाय, त्यांना याचं दुःख कळेल. मी हे एकदा रस्त्यावर वापरायला गेलो, समोरच्याला शून्य समजलं. सोडून दिलं. सगळं संशोधन वापरायचं नसतं, मंडळी, काही फक्त आपल्या सुखासाठी असतं.

दुसरी गोष्ट, पात्राला आज काय हवंय? फिचला त्याची मालमत्ता परत हवी आहे. मोठं तत्त्वज्ञान नाही, जगप्रवासी असल्याचा आव नाही. दमलेला माणूस आहे, जिवंत असल्याचं सिद्ध करत फिरतोय. मी लोकांना विचारतो, "तुम्ही मला ओळखता ना? मी जिवंत आहे असं न्यायाधीशासमोर सांगाल?" लहान मुलं लगेच हो म्हणतात. मोठी माणसं आधी विचारतात, किती मिळतील.

तिसरी गोष्ट, बोलणं. सगळं रेनेसाँ गाव एकमेकांना 'दाऊ', 'दी' म्हणत असतं, कारण ते जुनं आणि भारदस्त वाटतं. पण त्या काळच्या इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू', आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. मुलाला, नोकराला, जिवलग मित्राला 'दाऊ'. साहेबाला, अनोळखी माणसाला 'यू'. राणीला 'दाऊ' म्हणणं म्हणजे सासऱ्यांना "काय रे, कसा आहेस?" म्हणण्यातला प्रकार! अमेरिकन मित्रांना हे पाठ करावं लागतं, चुकतं, पुन्हा चुकतं. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. मी फक्त डोक्यात मराठीत ठरवतो, समोरचा 'तू' की 'तुम्ही', आणि इंग्रजी आपोआप बरोबर येतं. पैशांचंही तसंच. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पाउंड. सोळा आण्यांचा रुपया ज्यांनी आजोबांकडून ऐकलाय त्यांना यात काही जड नाही.

कपड्यांचं थोडक्यात. पॉलिस्टरचं मखमल घेऊ नका. टेक्सासमध्ये ऑक्टोबरात पारा तिशीच्या वर सहज जातो, आणि त्या मखमलात माणूस इडलीसारखा वाफेवर शिजतो. आत लिननचा सैल सदरा, घाम तो पितो. वर लोकरीचं किंवा जाड लिननचं डब्लेट. जांभळं रेशीम, सोन्याची जर वगैरे विसरा, कोणी काय घालायचं याचे तेव्हा कायदे होते आणि तो थाट राजघराण्याचा. लोकरीची टोपी मात्र घ्या. 1571 च्या कायद्याने सामान्य माणसाला रविवारी आणि सणाला ती सक्तीची होती, लोकर व्यवसाय जगावा म्हणून. खिसे नसतात, थैली असते. फोन थैलीत, सायलेंटवर.

आता मला जे सगळ्यात जड गेलं त्याबद्दल.

फिचने प्रवासवर्णन लिहिलंय, ते हॅक्लुइटच्या मोठ्या संग्रहात छापलं गेलं. लिखाण कोरडं आहे. गाव, माल, राजा, पुढचं गाव. काही भाग तर त्याच्या आधी येऊन गेलेल्या चेझारे फेदेरिची नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यावरून उचललाय, सीनियरच्या डॉक्युमेंटमधून कॉपी-पेस्ट केल्यासारखा. पण मधूनच तो थांबतो. बऱ्हाणपूरच्या भागात तो लग्नं बघतो. मुलगे आठ-दहा वर्षांचे, मुली पाच-सहा वर्षांच्या. थाटामाटाची वरात, वाजंत्री. तो हे लिहून ठेवतो.

पहिल्याच वर्षी एका बाईंनी मला विचारलं, "तिथले लोक कसे होते?" आणि मी अडखळलो. फिच असतो तर त्याने हे नक्की सांगितलं असतं. पण तोंड माझं आहे. ऐकणाऱ्या बाईंना समोर एक भारतीय दिसतोय, आणि तो भारतीय बालविवाहाचं वर्णन करतोय. मनात लगेच वकील उभा राहिला: सांग की युरोपातल्या राजघराण्यांतही लहानपणी लग्नं लावायचे, सांग की हे सगळीकडे होतं. पण ते फिचचे शब्द झाले नसते, ते माझे झाले असते. फिचला भारताची बाजू मांडायची गरजच वाटत नाही.

मी सांगितलं. आणि लगेच पुढचंही सांगितलं, कारण तेही त्यानेच लिहिलंय: आग्रा आणि फत्तेपूर, दोन्ही शहरं लंडनपेक्षा कितीतरी मोठी आहेत. शेजारी उभा असलेला राजाचा पहारेकरी, म्हणजे पगारी नट, खरोखर चिडल्यासारखा म्हणाला, "लंडनपेक्षा मोठं शहर?" मी म्हटलं, "दोन." तेव्हापासून ठरवलंय, दोन्ही गोष्टी सांगायच्या. जी झोंबते तीही, जिने छाती फुगते तीही. एकच सांगणार असलो तर मी फिच नाही, एकतर टुरिझम खात्याचा माणूस आहे नाहीतर इंग्रजांचा भाट.

दुसरा पेच याहून मोठा. 31 डिसेंबर 1600 ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळते. त्या मंडळींनी फिचचा सल्ला घेतला होता, तिकडच्या मुलखाची माहिती असलेला माणूस म्हणून. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. माझ्या एका मित्राने तोंडावर विचारलं, "तू कंपनीच्या वाटाड्याला हिरो करतोयस, लाज वाटत नाही?"

प्रश्न बरोबर आहे. मी यावर भरपूर विचार केलाय. सोपा मार्ग असा होता की मधूनच पाहुण्यांकडे बघून डोळा मारायचा: "पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहेच!" लोक हसले असते, माझीही सुटका झाली असती. पण मे 1591 मधला फिच ते जाणत नाही. त्याच्या डोक्यात दालचिनी, मिरी, हिरे, आणि मालमत्ता हडप केलेले नातेवाईक. तो खलनायक नाही आणि हिरोही नाही, तो बाजारभाव लिहून ठेवणारा माणूस आहे. इतकी मोठी उलथापालथ अशा साध्या भाव-लिहिणाऱ्या माणसांच्या वह्यांतून पुढे सरकते, हे मला त्याच्या जागी उभं राहिल्यावरच अंगात जाणवलं. म्हणून मी डोळा मारत नाही. कोणी विचारलं, "तुम्ही भारत जिंकणार का?", तर फिच मनापासून गोंधळतो: "मॅडम, ज्या राजाकडे हत्तींची फौज आहे त्याला जिंकायचं? आम्ही चौघे होतो, आणि त्यातले बराच काळ तुरुंगात." फाटकाबाहेर टोपी काढल्यावर कोणी विचारलं की मग सगळं सांगतो, 1757 पासून पुढचं. मित्राला हे अजून पटलेलं नाही. त्याचंही चालेल.

बाकी रस्त्यावर सगळ्यात उपयोगी पडतो तो एक साधा प्रश्न. फिच प्रत्येक गावाबद्दल एकच बघतो, तिथे काय विकतात. म्हणून मी भेटेल त्याला विचारतो, "तुझं गाव कोणतं, आणि तिथल्या बाजारात काय मिळतं?" एका सात-आठ वर्षांच्या मुलाने सांगितलं, "गॅस." मी विचारलं, वजनावर देतात की मापावर? तो म्हणाला, मापावर, पाइपने. मी विचारलं, ते खातात की जाळतात? पुढची पाच मिनिटं त्या पोराने मला मोटारगाडी समजावून सांगितली, हातवारे करून. मी काहीच केलं नाही, फक्त मला माहीत नव्हतं. त्याची आई मागे उभी राहून व्हिडिओ काढत होती.

आणि गेल्या नोव्हेंबरात एक गट आला. मी नेहमीसारखा बेळगावच्या हिऱ्यांच्या बाजाराचं सांगत होतो, इंग्रजीत. गर्दीतून एक काकू एकदम पुढे आल्या. "अगंबाई! बेळगाव? तुम्ही मराठी का हो?"

आता काय करायचं? पात्र सोडायचं? फिच गोव्यात दुकान चालवून आलाय, बाजारापुरते चार शब्द त्याला येत असतील, एवढी सूट मी घेतली. तोडक्या मराठीत, इंग्रजासारखे 'त' चे 'ट' करत म्हटलं, "बाई, मी डोन डिवस चाललो. वाट ठाऊक नव्हटी."

काकूंनी एक क्षण माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांना कळलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अरेरे. मग एवढं चालून आलात, कुंदा तरी खाल्लात की नाही?"

कुंदा! लहानपणापासून खात आलोय मी. पण 1584 च्या बेळगावात कुठला कुंदा? म्हणून म्हटलं, "कुंडा? टे कुठलं रट्न?"

त्या इतक्या हसल्या की बरोबरच्या अमेरिकन सुनेला सगळं भाषांतर करून सांगावं लागलं. जाताना हळूच म्हणाल्या, "टोपी नीट घाल, कान दिसतायत," आणि गेल्या.

या वर्षी माझा रूममेटही येतोय. त्याला विल्यम लीड्स व्हायचंय, तो जवाहिऱ्या, कारण अकबराने लीड्सला घर, घोडा आणि पाच गुलाम दिले होते हे त्याने कुठेतरी वाचलं. घर-घोड्याचं ठीक, पण गुलामांबद्दल रस्त्यावर काय बोलणार हे त्याने अजून ठरवलेलं नाही. आणि मुळात लीड्स सीक्रीला थांबला, तो 1591 च्या लंडनमध्ये उगवणारच कसा? आमचं भांडण सध्या तिथे अडलंय. तुम्हाला काही तोड सुचली तर व्हॉइस मेसेज करा, पुढच्या भागात लावू.